धनी नसलेल्या जनावराचा वैद्य

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला आणि आम्ही 'वन्य प्राण्यांच्या वैद्यकाचे उच्च शिक्षण' असे सांगितले, तेव्हा आम्ही थट्टा करीत आहोत असे त्यांना वाटले. ज्याने तीस वर्षे कामगारांच्या पगाराची, रजेची आणि ग्रॅच्युइटीची भांडणे केली, त्याने वाघसिंहांच्या डॉक्टरांविषयी बोलावे हे जरा चमत्कारिकच. त्यातून आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, सभासदांची गर्दी पांगल्यावर. म्हणून हा विषय आमच्या वाटेवर कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका प्राणिसंग्रहालयातील कंत्राटी मजूर आमच्याकडे आले. पिंजरे धुणे, मांस कापणे, घाण उचलणे हे त्यांचे काम. तक्रार नेहमीचीच होती : हातमोजे नाहीत, गमबूट नाहीत, आजारी पडले तर दिवस बुडतो. त्यांतल्या एकाला कित्येक महिने खोकला होता. निवेदने गेली, स्मरणपत्रे गेली, दोन वर्षे गेली. शेवटी एका बैठकीत तेथील एक तरुण पशुवैद्य बाई मध्येच म्हणाल्या, "या माणसांच्या छात्या तपासल्याशिवाय माझ्या माकडांची खात्री मी कशी देऊ? क्षय माणसाकडून माकडाला जातो आणि माकडाकडून माणसाला येतो." सगळे गप्प झाले. पंधरवड्यात मजुरांची तपासणी झाली, हातमोजेही आले. बैठक संपल्यावर आम्ही बाईंना विचारले, "हे तुम्हांला कोणी शिकविले?" त्या म्हणाल्या, "पदवीच्या वर्गात फारसे नाही. नंतर."

त्या 'नंतर'चा इतिहास आम्ही शोधू लागलो. शोधता शोधता ध्यानात आले की हा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे : ज्याला धनी नाही, त्याची काळजी कोणी घ्यायची?

जनावराचा वैद्य ही संस्था जुनी आहे. घोड्यांच्या वैद्यकाशी शालिहोत्राचे आणि हत्तींच्या वैद्यकाशी पालकाप्याचे नाव आपल्या परंपरेने जोडले आहे. शालिहोत्रावरूनच आपल्याकडे 'सालोत्री' हा शब्द आला. पण घोडा आणि हत्ती हीच दोन जनावरे का? कारण उघड आहे. ती राजाची होती आणि लढाईची होती. त्यांच्या मरण्याने राज्याचे नुकसान होत असे. रानातल्या हरणाला वैद्य नव्हता, कारण हरिण मेल्याने कोणाच्याच जमाखर्चात खोट येत नव्हती.

युरोपातही तीच कथा. फ्रान्समध्ये लियाँ शहरी १७६१ साली पशुवैद्यकाच्या पहिल्या विद्यालयास राजाची परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी ते सुरू झाले. त्याचा संस्थापक क्लोद बुर्जेला हा घोडेस्वारीची शाळा चालविणारा गृहस्थ. त्याच्या घोड्यांच्या ज्ञानाइतकेच महत्त्वाचे कारण पाठीमागे होते, ते बुळकांडीचे. तिलाच इंग्रजीत रिंडरपेस्ट म्हणतात. ही साथ गावेच्या गावे गाईबैलांवाचून उघडी करीत होती, आणि बैल गेला की शेती आणि सरकारचा सारा दोन्ही जात. लंडनचे विद्यालय १७९१ साली निघाले, तेही मुख्यतः घोड्यांसाठी.

आणि आपली मुंबई? १८८६ साली परळला मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. त्याच्या सोबतीला जनावरांचे इस्पितळ होते. सर दिनशा माणकजी पेटिट या गिरणीमालकाच्या औदार्यातून उभे राहिलेले आणि त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव धारण करणारे. १८७४ सालापासून मुंबईच्या ट्रामगाड्या घोडे ओढीत होते, माल बैल ओढीत होते. त्यांच्या जखमांवर मलमपट्टी व्हावी हे योग्यच होते, आणि ते केल्याबद्दल पेटिट यांना दोष देण्याचा कद्रूपणा आम्ही करणार नाही. परंतु त्याच परळात १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याला एक सुट्टी मागितली होती, आणि ती रविवारची सुट्टी पदरात पडायला १८९० साल उजाडले, हेही इतिहासात त्याच पानावर लिहिलेले आहे.

आमचा जन्म त्याच परळातल्या चाळीत झाला. लहानपणी आम्ही त्या इस्पितळाच्या फाटकाशी उभे राहून व्हिक्टोरियाचे लंगडे घोडे आत जाताना पाहत असू. १९८२ च्या संपात वडिलांचे काम सुटले. एके संध्याकाळी त्या फाटकावरून जाताना ते म्हणाले, "घोड्याचं बरं आहे. त्याला धनी आहे." ते वाक्य त्या वयात आम्हांला नीट कळले नाही. आज ते कळते असे वाटते, आणि ते अर्धेच खरे होते असेही वाटते.

आता रानटी जनावरांकडे वळू. त्यांना पहिला वैद्य मिळाला तो ती पिंजऱ्यात आल्यावर, म्हणजे त्यांना धनी मिळाल्यावर. लंडनची प्राणिविज्ञान सोसायटी १८२६ सालची, तिचे प्राणिसंग्रहालय १८२८ सालचे, आणि १८२९ साली चार्ल्स स्पूनर यांची तेथे पशुवैद्य म्हणून नेमणूक झाली. त्यांची अडचण केवढी असेल याची कल्पना करून पाहावी. घोड्याची नाडी ठाऊक, पण चित्त्याची नाडी मोजायला पिंजऱ्यात जायचे कोणी? रानातले जनावर दुखणे लपविते. दुबळे दिसले तर मरण हा रानाचा कायदा त्याच्या अंगात मुरलेला असतो. सकाळी खाणे टाकले, संध्याकाळी मेले, असाच प्रकार. त्यामुळे या वैद्यकाचा पहिला गुरू म्हणजे शवविच्छेदन. जिवंतपणी जे सांगता आले नाही ते जनावर मेल्यावर सांगे, आणि ऐकणारा हुशार असेल तर पुढचे जनावर वाचे.

तरीही हा सगळा कुंपणाच्या आतला व्यवहार. कुंपणाबाहेरच्या जनावरांची दखल घ्यायला जगाला भाग पाडले ते पुन्हा बुळकांडीने.

१८८७ च्या सुमारास आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या एरिट्रियात, इटालियन फौजेसाठी बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर ही साथ उतरली. दहा वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचली. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील शेकडा ऐंशी-नव्वद गुरे तिने नेली. गुरांवर जगणारे मासाईंसारखे समाज उपासमारीने मोडले. आणि गुरांबरोबरच रानरेडे, नू, जिराफही पटापट मेले. रोगाने दावणीचे जनावर आणि रानातले जनावर असा भेद केला नाही. धनी आहे की नाही हे विचारण्याची पद्धत माणसाची आहे. जंतूला ती ठाऊक नसते.

या साथीचा एक धागा आपल्या गावातून जातो. पुण्यात १८८९ साली सरकारने जंतुशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तिचे मुख्य काम गुरांच्या साथी. बुळकांडीसारखा रोग भर वस्तीत बाळगणे धोक्याचे म्हणून १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख १८९६ च्या अखेरीस बुळकांडीवर उपाय शोधण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला गेले, आणि १८९७ साली तेथूनच ते प्लेगच्या चौकशीसाठी मुंबईला आले. माणसांचा डॉक्टर आणि जनावरांचा डॉक्टर या भिंती त्या काळच्या मोठ्या माणसांनी मानल्या नव्हत्या. त्या पुढे अभ्यासक्रमांनी आणि खात्यांनी बांधल्या.

पुढे मुक्तेश्वरलाच जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० नंतरच्या दशकात शेळ्यांतून पुढे नेलेली लस तयार केली, आणि १९६० च्या सुमारास वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात अधिक निर्धोक लस काढली. पूर्व आफ्रिकेत गुरांना लसी टोचल्या गेल्या आणि एक नवल घडले. सेरेंगेटीच्या माळावरील नूंची संख्या १९६० च्या आरंभी अडीच लाखांच्या आसपास होती, ती १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तेरा लाखांच्या वर गेली. एकाही नूला कोणी सुई टोचली नव्हती. लस मिळाली गाईला आणि वाचले रान. म्हणजे इतकी वर्षे रोग रानातून गोठ्यात येतो असे मालक लोक म्हणत होते, तो मुख्यतः गोठ्यातून रानात जात होता. आपल्याकडेही १९६८ साली बंदीपूर आणि मदुमलाईच्या जंगलात बुळकांडी शिरली आणि तिने गव्यांचे कळप मोडले.

परंतु गाईला लस देणे निराळे आणि रानरेड्याचे रक्त काढणे निराळे. रानटी जनावराजवळ जायचे कसे, हाच या विद्येचा खरा अडसर होता. १९५८ साली झांबेझी नदीवर करिबाचे धरण भरू लागले. बुडणाऱ्या टेकड्यांवर अडकलेली जनावरे दोऱ्या, जाळी आणि होड्या घेऊन वाचविण्याचे काम काही वर्षे चालले. त्याची कीर्ती जगभर झाली. त्याच पाण्याने सुमारे सत्तावन्न हजार टोंगा लोकांना घरादारांतून उठविले होते, त्यांचे नाव मात्र फार थोड्यांच्या तोंडी आले. असो. हरणाला दोरी चालते, गेंड्याला चालत नाही. त्याच सुमारास न्यूझीलंडचे कॉलिन मर्डॉक यांनी भुलीची सुई दुरून मारणारी बंदूक तयार केली, आणि १९६० नंतर एडिंबरोत के. डब्ल्यू. बेंटले यांच्या मंडळींनी एटॉर्फिन नावाचे औषध शोधले. ते अफूच्या कुळातले, पण मॉर्फीनच्या हजारपटींहून तीव्र. टोनी हार्थूर्न या पशुवैद्याने आफ्रिकेतील मोठ्या जनावरांवर ते वापरून मात्रा बसविल्या. नाताळ प्रांतातील उम्फोलोझीच्या रानात नावापुरते उरलेले पांढरे गेंडे पुन्हा वाढले होते. ते भूल देऊन, पेट्यांत घालून, दुसऱ्या रानांत वसविण्यात आले. एकाच ठिकाणी एका साथीने सगळे मरावेत हा धोका त्यामुळे टळला.

या सुईबरोबरच उच्च शिक्षणाची गरज निर्माण झाली, हे आमच्या श्रोत्यांनी लक्षात घ्यावे. एटॉर्फिनचा थेंब माणसाच्या जखमेत गेला तर माणूस मरू शकतो. म्हणून उतारा हाताशी ठेवल्याशिवाय बाटली उघडावयाची नाही. वजन अंदाजाने ठरवायचे, ऊन पाहायचे, जवळ पाणी आहे का पाहायचे, कारण अर्धवट गुंगीत जनावर पाण्यात शिरले तर बुडते. पडल्यावर ते कोणत्या कुशीवर पडले ते पाहायचे, डोळे झाकायचे, ताप मोजायचा. अति धावलेल्या जनावराचे स्नायू आतून कुजतात आणि ते दोन दिवसांनी मरते. हे सारे गाय-म्हैस-कुत्र्याच्या अभ्यासक्रमात कसे मावावे? आपल्याकडे पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची आहे. तिच्यात रानाच्या वाट्याला थोडीच पाने येतात.

म्हणून हळूहळू निराळ्या शाळा झाल्या. अमेरिकेत मरे फाउलर यांनी हा विषय विद्यापीठात शिकविला आणि त्यांचा रानटी जनावरांच्या वैद्यकावरील मोठा ग्रंथ १९७८ साली निघाला. १९८३ साली तेथे या शाखेच्या विशेषज्ञांच्या महाविद्यालयास मान्यता मिळाली. 'महाविद्यालय' म्हणजे इमारत नव्हे, तर परीक्षा घेणारे मंडळ : पदवीनंतर वर्षानुवर्षे अनुभवी वैद्याच्या हाताखाली उमेदवारी, स्वतःचे संशोधन, आणि मग कठीण परीक्षा. लंडनमध्ये १९९४ साली प्राणिविज्ञान सोसायटी आणि रॉयल व्हेटरिनरी कॉलेज यांनी मिळून वन्य प्राण्यांच्या आरोग्याचा पदव्युत्तर वर्ग काढला. आपल्याकडे डेहराडूनची वन्यजीव संस्था १९८२ सालची. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण झाले. बरेलीजवळ इज्जतनगर, केरळात वायनाडमधील पूकोड आणि आपल्या नागपूरजवळ गोरेवाडा येथे या विद्येची केंद्रे आहेत. पण शाळांच्या आधी माणसे असतात. तामिळनाडूच्या हत्तीतळांवर आयुष्य काढलेले डॉ. व्ही. कृष्णमूर्ती रानात मेलेल्या हत्तीचेही शवविच्छेदन झालेच पाहिजे असा आग्रह धरीत. त्यामुळे हत्ती कशाने मेला, गोळीने की रोगाने, हे सरकारला ठाऊक होऊ लागले. मेलेल्या कामगाराचा पंचनामा व्हावा म्हणून आम्हांला जो झगडा करावा लागतो, त्याचीच ही बहीण.

या शिक्षणाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांस बुळकांडीचा शेवट सांगावा. भारतात शेवटची लागण १९९५ सालची. जगात शेवटचा सिद्ध झालेला रुग्ण २००१ साली सापडला, तो गाय नव्हे, तर केनियातील मेरू राष्ट्रीय उद्यानातला रानरेडा. रोग खरोखर संपला की रानात लपला, हे रानरेड्यांना भूल देऊन त्यांचे रक्त तपासल्याखेरीज सांगता येत नव्हते. ते काम रानाची विद्या शिकलेल्या वैद्यांनी केले, म्हणून २०११ साली जगाला बुळकांडी नष्ट झाल्याचे जाहीर करता आले. माणसाने आजवर समूळ घालविलेले रोग दोनच : देवी आणि बुळकांडी. लियाँच्या शाळेने जो शत्रू समोर ठेवला होता, त्याचा निकाल अडीचशे वर्षांनी एका धनी नसलेल्या जनावराच्या रक्ताने लागला.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण ती लाजिरवाणी आहे. १९९० नंतर आपल्या देशातली गिधाडे मरू लागली. झाडावर माना टाकून बसत आणि पडत. आधी कोणी साथ म्हणाले, कोणी कीटकनाशक म्हणाले, वर्षे गेली. अखेर २००३ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेली गिधाडे तपासून कारण काढले, ते २००४ साली प्रसिद्ध झाले. गिधाडांच्या आतड्यांवर आणि काळजावर खडूसारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडे निकामी झाली होती. कारण होते डायक्लोफिनॅक, गुरांना दिले जाणारे वेदनाशामक. बैल लंगडतो, उद्या नांगर धरायचा आहे, म्हणून टोचून घ्यायचे. बैल दोन दिवस चालायचा, मग मरायचा, आणि त्याला खाणारे गिधाड त्याच्या मागोमाग मरायचे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी २००७ पर्यंत हजारांत एखादे उरले. २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद झाले. माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, त्यावर २०१५ साली बंधन आले. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारे औषध त्याआधीच सापडले होते.

हा अपराध शेतकऱ्याचा म्हणावा तर त्याला काहीच ठाऊक नव्हते. औषध देणाऱ्याचा म्हणावा तर त्यालाही एवढेच शिकविले होते की समोरचे जनावर आणि त्याचा धनी यांचे समाधान करावे. दावणीपलीकडे काय होते हे त्याच्या शिक्षणात नव्हते. गिधाडे गेल्यावर गावाबाहेरची मढी कुजू लागली, कुत्री माजली, आणि साफ झालेली हाडे वेचून पोट भरणाऱ्यांचा धंदा बसला. पारशी समाजाच्या दख्म्यांवरही गिधाडे उरली नाहीत. ज्या जनावराला कोणी पगार देत नव्हते, त्याचे काम केवढे होते ते ते गेल्यावर कळले. आमच्या सफाई कामगारांच्या बाबतीत हे आम्ही नेहमी सांगत आलो. गिधाडांनी ते सिद्ध करून दाखविले.

आणि शेवटी आपल्या अगदी दारातली गोष्ट. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात, वानरे मरून पडू लागली, आणि पाठोपाठ लाकूडफाट्याला जाणारी माणसे तापाने मरू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तो विषाणू वेगळा काढला. तो गोचिडांतून पसरतो हे दाखविले. आपण त्याला माकडताप म्हणतो. २०१५ साली तो गोव्यात सत्तरीत काजूच्या बागांतील मजुरांना झाला. २०१६ साली सिंधुदुर्गात बांदा-दोडामार्गाकडे आला. तापाचे बळी कोण, हे सांगायला नको : पहाटे काजू गोळा करणारी बाई, पाला आणणारा, जळण तोडणारा. या रोगात मेलेले माकड म्हणजे आलेली तार आहे. ती वेळेवर वाचली तर गाव सावध होते. पण वाचणार कोण? माकड कोणाच्याच मालकीचे नाही, म्हणून ते तसेच कुजते. ते उचलायला शिकलेला वैद्य हवा, हातमोजे घातलेला वनमजूर हवा, आणि पाहिले ते ताबडतोब कळविणारी गुराखी मंडळी हवीत.

म्हणून आमचे मागणे असे. रानाच्या वैद्यकाचे उच्च शिक्षण ही थोड्या हौशी लोकांची चैन समजू नये. प्रत्येक वनविभागात आणि प्रत्येक प्राणिसंग्रहालयात शिकलेला वैद्य कायम नेमणुकीवर असावा. सहा-सहा महिन्यांच्या करारावरचा माणूस एका हंगामाचे आजार पाहतो, दुसऱ्या हंगामात तो नसतो, आणि त्याचे शिकणे त्याच्याबरोबर जाते. त्याच शिक्षणात माहूत, पिंजरेवाले आणि वनमजूर यांना वाटा असावा. पैसा कोणी द्यावा, असा प्रश्न येईल. ज्याला धनी आहे त्याचा खर्च धनी देतो. ज्याला धनी नाही त्याचा खर्च सर्वांनी मिळून द्यायचा असतो. सरकार नावाची वस्तू त्यासाठीच असते.

वडील म्हणाले होते, घोड्याला धनी आहे म्हणून त्याचे बरे. ते असते तर आम्ही त्यांना सांगितले असते की धन्याने ठेवलेला वैद्य धन्याच्या हिशेबापुरताच पाहतो, हेही या इतिहासाने दाखविले आहे. बैलाला दुखू नये एवढेच पाहिले, आणि आभाळातले पक्षी गेले.

त्या प्राणिसंग्रहालयातील खोकणाऱ्या मजुराची छाती तपासली तेव्हा क्षय निघाला. सहा महिने औषध घेऊन तो बरा झाला आणि कामावर परतला. मध्यंतरी त्याची गाठ पडली. तो म्हणाला, बाई रोज सकाळी आधी त्याला विचारतात : काल रात्री कोण जेवले नाही, कोण कोपऱ्यात बसले, कोणाची चाल बदलली. त्यांचे म्हणणे असे की दुर्बिणीआधी पिंजरेवाल्याचे डोळे. हे सांगताना त्याच्या आवाजात जो अभिमान होता, तो आम्ही फार थोड्या पगारवाढींच्या करारानंतर ऐकला आहे.